मदत हवी आहे: टीए १५४ चं मॉडेल शेपटीवर बसतंय, वजन किती आणि कुठे भरू?

खिळेमोळे: फोके-वुल्फ टीए १५४ (दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनीचं लाकडी, दोन इंजिनांचं लढाऊ विमान) याचं १/४८ मॉडेल जोडतोय. तात्पुरती टेप लावून चाकांवर उभं केलं की शेपटीवर बसतं. एकूण वजन १८० ग्रॅम, तोलाचा बिंदू मुख्य चाकांच्या १२ मिमी मागे. नाकात पुढच्या चाकाची खोबण आहे, जागा अगदी थोडी. शिवाय मॉडेलखालच्या माहितीच्या पाटीवर ‘गोंद खराब निघाल्याने हे विमान रद्द’ असं लिहिलं तर चालेल का?

काटकोन: १८० × १२ = २१६०. मुख्य चाकांपासून नाकातली जागा साधारण ९० मिमी पुढे असेल, तर २१६० ÷ ९० = २४, म्हणजे तिथे २४ ग्रॅमने जेमतेम तोल सांभाळला जाईल. रंग आणि वार्निश मागच्या बाजूलाही चढणार, म्हणून पाव हिस्सा वाढवा: ३० ग्रॅम. एवढं नाकात मावणार नाही. इंजिनांच्या कवचात, पंख्याच्या लगेच मागे, बरीच पोकळी आहे, पण ती चाकांपासून ४० मिमीच पुढे, त्यामुळे तिथे वजन जास्त लागतं. नाकात १५ आणि प्रत्येक इंजिनात १७ ग्रॅम भरा. तुमची अंतरं मोजून आकडे बदला. कवचं चिकटवायच्या आधी टेपवर पुन्हा उभं करून बघा, नंतर काही करता येत नाही.

राळ: शिसं पांढऱ्या सुतारी गोंदात बसवू नका! त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं, शिशावर पांढरी भुकटी धरते, ती फुगते आणि काही वर्षांनी नाकाचा सांधा उकलतो. दोन भागांचं एपॉक्सी वापरा, रात्रभर सुकू द्या. नाहीतर सायकलच्या दुकानातले पाव इंची पोलादी छर्रे घ्या, एक साधारण १ ग्रॅमचा असतो. जागा मात्र शिशापेक्षा जास्त खातात.

जुनाविमानतळ: पाटीवर एकट्या गोंदाला दोष देऊ नका. या विमानाचा मूळ गोंद टेगो-फिल्म, म्हणजे फिनॉलिक रेझिनचा (कृत्रिम राळेचा) कोरडा पापुद्रा. प्लायवूडच्या थरांमध्ये ठेवून गरम दाबाखाली बसवायचा. जर्मनीतल्या वुपर्टाल शहरातला त्याचा कारखाना १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात गेला. बदली गोंदातलं आम्ल लाकडाचे तंतूच खाऊ लागलं, सांधे उकलले. पण उत्पादनासाठी हवं असलेलं युमो २१३ इंजिनही वेळेवर मिळत नव्हतं. १ जुलै १९४३ चं पहिलं उड्डाण युमो २११ वर झालं होतं. त्यात १९४४ च्या उन्हाळ्यात जर्मनीने सगळा जोर एकइंजिनी लढाऊ विमानांवर वळवला. ही तिन्ही कारणं लिहा. जागा उरली तर हेही लिहा की याचे कर्ते कुर्ट टांक पुढे बंगळूरला आले आणि त्यांच्या हाताखाली घडलेलं भारतीय लढाऊ जेट ‘मारुत’ १७ जून १९६१ रोजी उडालं.

खिळेमोळे: आभार. पुढच्या चाकाचा प्लास्टिकचा पाय हे वजन पेलेल ना?

काटकोन: बहुतेक भार मुख्य चाकांवर येतो, तरी तो हळूहळू वाकतो. पायात वरून ०.८ मिमीचं भोक पाडून पोलादी तार घाला आणि खोबणीच्या छताला एपॉक्सीने धरा. भोक पिन-व्हाइसनेच (बोटांनी फिरवायच्या छोट्या ड्रिलने) पाडा. यंत्राने प्लास्टिक वितळतं.