नेव्हीत जाऊ की घरची कापसाची शेती बघू?

भाऊ, तू बारावी सायन्स करून अग्निवीरचा फॉर्म भरतोयस आणि घरचे नाही म्हणताय, तर आधी एक बघ, पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ७० टक्के आणि जेईई मेनची रँक बरी असेल तर ऑफिसरची टेन प्लस टू बीटेक एंट्री पण आहे, एसएसबी, म्हणजे ऑफिसर निवडायची मुलाखत-चाचणी, द्यावी लागते पण शिक्षण केरळात एझिमलाला नेव्हीच्याच खर्चात. आपल्याकडे पोरांना हे कोणी सांगतच नाही, सगळे नुसते ग्राउंडवर पळत बसतात.

अग्निवीर म्हणजे ४ वर्षं, पेन्शन नाही, पुढे बॅचमधले जास्तीत जास्त २५ टक्के ठेवतात. बाकीच्यांना साधारण ११.७१ लाख सेवानिधी, म्हणजे एकरकमी पैसे, देऊन घरी. ट्रेनिंग ओडिशात आयएनएस चिल्काला.

माझा मावसभाऊ चोपड्याचा, सेलर आहे. तो म्हणतो पहिल्यांदा जहाज हलायला लागलं की उलट्या होतातच, त्याचं काही नाही, पण झोपेचं जड जातं, रात्री बारा ते चार वॉच, म्हणजे पहाऱ्याची ड्युटी, करून यायचं आणि सकाळी परत कामाला हजर, झोपायला एकावर एक तीन बंक, रेल्वेच्या बर्थसारखे, वरच्याची पाठ तुझ्या नाकावर. इंजिन रूममध्ये तर जळगावचा मे महिना बारमाही. समुद्रात मोबाईलला रेंज नसते, त्यामुळे मावशीला आठवडे आठवडे फोन नाही, तिच्या मनाला तेच जास्त लागतं.

धावायचं १.६ किमी साडेसहा मिनिटांत, ते जमेल. डोळे मात्र आत्ताच तपासून घे, रंग ओळखण्यात गडबड निघाली तर मेडिकलला बाहेर काढतात. आणि विहिरीत पोहायला येतं ना?