वॉर्डात प्रत्यक्ष गाणे-वाजवणे रुग्णांच्या खरोखर उपयोगी पडते का?

प्रश्न (बासरीवादक, सातारा)

नमस्कार. गेल्या महिन्यात माझी आई खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर बारा दिवस रुग्णालयात होती. दुपारच्या न सरणाऱ्या वेळात स्त्रियांच्या वॉर्डातल्या बहुतेक जणी छताकडे पाहत पडून असत. एका संध्याकाळी सिस्टरांना विचारून मी आईच्या खाटेशी बसून हलक्या आवाजात एक अभंग म्हटला. शेजारच्या खाटेवरील आजींच्या एका हाताला सलाइन होते. दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी त्या खाटेच्या कठड्यावर ताल धरू लागल्या आणि दुसऱ्या कडव्यात माझा चुकलेला शब्द त्यांनी तिथल्या तिथे दुरुस्त करून दिला. दिवसभर ‘हात सरळ ठेवा’, ‘गोळी घ्या’ एवढेच ऐकणाऱ्या त्या बाईंचा आवाज त्या क्षणी निराळाच होता. आमच्या भजनी मंडळाला आता आठवड्यातून एकदा असे गावे असे वाटते. मन रमण्यापलीकडे रुग्णांना याचा काही लाभ होतो का, आणि मोबाइलवर गाणी लावून तो साधणार नाही का?

उत्तर १ (भूलतज्ज्ञ, पुणे)

आपल्या प्रश्नाचे दोन भाग वेगळे ठेवावे लागतील. संगीताचा उपयोग होतो, याला चांगला आधार आहे. शस्त्रक्रिया झालेल्या प्रौढ रुग्णांवरील 73 चाचण्यांचा एकत्रित आढावा 2015 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला, त्यात संगीत ऐकलेल्या रुग्णांच्या वेदना आणि अस्वस्थता कमी झाल्याचे आणि त्यांना वेदनाशामके कमी लागल्याचे दिसले, मात्र रुग्णालयातील मुक्काम काही कमी झाला नाही. यांतील बहुतेक चाचण्यांत ध्वनिमुद्रित संगीतच वापरले होते, त्यामुळे केवळ या आढाव्यावरून ‘प्रत्यक्ष गायन श्रेष्ठ’ असे म्हणता येणार नाही. माझ्या मते प्रत्यक्ष गायनाचे बळ दुसरीकडे आहे: गाणारा रुग्णाकडे पाहत असतो. श्वास जलद चालला असेल तर त्या लयीच्या जवळून सुरुवात करून तो हळूहळू लय उतरवू शकतो, कपाळावर आठी दिसली की थांबू शकतो. मोबाइलला हे जमत नाही.

उत्तर २ (परिचारिका, नवजात अतिदक्षता विभाग, नाशिक)

डॉक्टरांच्या मुद्द्याला जोडून सांगते. अमेरिकेतील जोअ‍ॅन लोवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 11 रुग्णालयांतील 272 अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर केलेला अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आईवडिलांच्या आवडीची अंगाई, गर्भाशयातल्या आवाजासारखी सळसळ करणारी चकती आणि हृदयाच्या ठोक्यासारखा नाद देणारी लाकडी पेटी, हे सारे बाळाजवळ प्रत्यक्ष वाजवले जाई. अंगाई आणि ठोक्यांच्या वेळी बाळांच्या हृदयाची गती मंदावली, आवडीच्या अंगाईने त्यांचे दूध घेणे सुधारले आणि आईवडिलांवरचा ताणही उतरला. काचेच्या पेटीतल्या बाळाला हात लावायलाही घाबरणारी आई जेव्हा पहिल्यांदा गुणगुणते, तेव्हा त्या बाळासाठी आपल्याला काहीतरी करता येते हे तिला उमगते, आणि एवढ्यासाठीसुद्धा मी हे गाणे विभागात हवे म्हणेन.

उत्तर ३ (रुग्णाचा मुलगा, कोल्हापूर)

मला दुसरी बाजू मांडायची आहे, आणि ती कळकळीने मांडतो. माझे वडील शेवटच्या आजारात एका रुग्णालयात असताना एक गट माइक आणि स्पीकर घेऊन वॉर्डात आला. हेतू चांगलाच होता, परंतु वडिलांना धाप लागली होती, उठून बाहेर जाणे त्यांना शक्य नव्हते आणि ‘नको’ म्हणण्याची संधी त्यांना कोणी दिली नाही. पाऊण तास ते डोळे मिटून भिंतीकडे तोंड करून पडले होते. रुग्णालयाभोवतीच्या शांतता क्षेत्रात दिवसाची आवाजाची मर्यादा 50 डेसिबल आहे. मग आत माइक कशाला हवा? प्रत्येक खाटेपाशी जाऊन आधी विचारावे, भजनच सर्वांना चालेल असे गृहीत धरू नये, आणि एकानेही मान हलवून नकार दिला तर दुसऱ्या खोलीत बसावे.

प्रश्नकर्ता

मनापासून आभार. वडिलांविषयी वाचून वाईट वाटले. माइक नेणार नाही, आणि विचारल्याशिवाय सूर लावणार नाही. तबला आणि हार्मोनियम न्यावे का?

उत्तर २ (परिचारिका, नाशिक)

पहिल्या काही आठवड्यांत नुसता गळा आणि फार तर एक छोटा तानपुरा पुरे. तबल्याच्या पुडीचे कातडे जंतुनाशकाने पुसता येत नाही, त्यावरचा शाईचा काळा लेप खराब होतो. हार्मोनियमचा भाता वॉर्डातली हवा आत-बाहेर करतो आणि आतून स्वच्छ करता येत नाही. बासरीत तर आपला श्वासच जातो, तेव्हा ती प्रतिकारशक्ती कमी असलेल्या रुग्णांपासून लांबच बरी. डॉक्टरांचा राउंड आणि ड्रेसिंग उरकल्यावर, चारच्या चहानंतर, एका वॉर्डात पंधरा-वीस मिनिटे थांबा. सर्दी-खोकला असलेल्याने त्या दिवशी घरीच राहावे. आणि त्या आजी अजून तिथेच असतील तर पहिला अभंग त्यांनाच निवडायला सांगा.