प्रति: कोयोटीसाठी कुठली रायफल घ्यावी?

वर कोणीतरी सरळ .३०८ (हे आकडे म्हणजे काडतुसांची नावं, .३०८ मोठ्या शिकारीचं) घ्या म्हणालंय, ते कोयोटीसाठी, म्हणजे अमेरिकेतल्या त्या कोल्ह्यासारख्या जनावरासाठी, जरा जास्तच होतंय हो. जनावर दिसतं मोठं पण निम्मी तर फरच असते, वजन म्हणाल तर साधारण १० ते २० किलो.

तुम्ही पश्चिम कॅन्ससचं लिहिलंय म्हणजे उघडं रान आणि सतत वारा. २०० यार्डांच्या आत असेल तर .२२३ रेमिंग्टन बास, गोळ्या स्वस्त, कुठेही मिळतात, धक्का इतका कमी की स्कोपमधून (नेमाच्या दुर्बिणीतून) गोळी कुठे लागली ते पण दिसतं. त्यापुढे .२२-२५०, ५५ ग्रेनची (साधारण साडेतीन ग्रॅम वजनाची) गोळी सेकंदाला ३६०० फुटांच्या आसपास जाते, .२२३ ची ३२०० च्या आसपास, पण .२२-२५० मध्ये बॅरल (नळी) लवकर तापतं नि झिजतं. .२४३ वाऱ्यात भारी पण कातडं ठेवायचं असेल तर भोक मोठं पाडते, मी तरी नाही घेणार. आणि बॅरलचा ट्विस्ट (आतल्या पिळाच्या खाचा किती इंचात एक फेरा घेतात ते) बघाच, जुन्या १२ इंचीत ५५ ग्रेन ठीक चालतं पण ७५ ग्रेनवाली लांब गोळी स्थिर राहत नाही, त्याला ८ इंची लागतो.

बाकी एच-वन-बी वर्क व्हिसावर असाल तर आधी हंटिंग लायसन्स काढा मगच दुकानात जा, नॉनइमिग्रंट व्हिसावर फेडरल कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, चालू हंटिंग लायसन्स असेल तर सूट आहे. बजेट किती धरलंय?