पुणे-नागपूर फ्लाइट कॅन्सल, भरपाई मिळते का?

उद्या पहाटेची फ्लाइट, आत्ता रात्री मेसेज आला कॅन्सल म्हणून, कारण काय तर "ऑपरेशनल", भाचीचं लग्न आहे हो, आणि ॲपमध्ये नुसतं क्रेडिट शेलचं (पैसे परत नाहीत, पुढच्या तिकिटासाठी जमा) बटण दिसतंय, काय करू?

> क्रेडिट शेल अजिबात घेऊ नका!! दुसरी फ्लाइट की पूर्ण रिफंड हे तुम्ही ठरवायचं, डीजीसीएचा, म्हणजे सरकारी विमान वाहतूक नियामकाचा, नियम आहे. लग्न गाठायचंय तर आधी दुसरी फ्लाइट मागा, मुंबईहून असली तरी चालेल म्हणा.

> भरपाई वेगळी. एक ते दोन तासांच्या फ्लाइटला ७,५०० किंवा बेसिक भाडं अधिक फ्युएल चार्ज, जे कमी असेल ते. धुकंबिकं असेल तर मात्र विसरा.

> मेसेजचा स्क्रीनशॉट ठेवा, दाद नाही दिली तर एअरसेवावर, म्हणजे सरकारच्या विमान प्रवासी तक्रार पोर्टलवर, तक्रार टाका.