एजन्सीचं नवं कोटेशन आणि लेबर कोड

सचिव: हाउसकीपिंग एजन्सीने 'नव्या लेबर कोडमुळे' दर 14 टक्के वाढवून मागितलाय. बुधवारी सोसायटीची कमिटी आहे. जाणकारांनी बोला, फॉरवर्ड नकोत 🙏

सी-204: चारही लेबर कोड, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू आहेत. घरभाडे, वाहन भत्ता, मालकाचा पीएफ हिस्सा वगैरे वगळलेले घटक मिळून एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले, तर वरची रक्कम वेतनात धरायची. समजा एकूण 20,000 आणि वगळलेलं 13,000. जादाचे 3,000 वेतनात, म्हणजे 7,000 चे 10,000. पीएफ 12 टक्क्यांनी 360 वाढला. 14 टक्के कुठून आले?

ए-703: हिशोब बरोबर, पण 7,000 बेसिक मुळातच किमान वेतनाच्या खाली जाईल. किमान वेतन नीट देत असेल तर मूळ अधिक (महागाईचा) विशेष भत्ता सहसा आधीच निम्म्याच्या वर असतो. मग या नियमाने एक रुपयाही वाढत नाही. वाढत असेल तर आजवर काय देत होता, ते विचारा 😄

बी-101: काका, पण 'स्पेशल अलाउन्स' नावाने वेगळी रक्कम दाखवली तर?

ए-703: वगळलेल्यांच्या यादीत तो नाहीच ताई. पूर्ण वेतनात मोजायचा. पगारपत्रक करणारे हमखास इथेच घसरतात.

सी-204: खरा नवा खर्च म्हणजे ग्रॅच्युइटी, नोकरी सुटताना सेवेच्या वर्षांप्रमाणे मिळणारी रक्कम. ठरावीक मुदतीच्या कामगाराला आता पाच नव्हे, एका वर्षानंतर. दर वर्षामागे महिन्याचं वेतन × 15 ÷ 26, म्हणजे महिन्याला साधारण 4.81 टक्के. तेवढी ओळ कोटेशनमध्ये असेल तर वाजवी. मात्र मुदतीचं नियुक्तिपत्र आहे का, ते आधी बघा. पत्र नसेल तर पाच वर्षांचाच नियम लागतो, मग ती ओळ कशासाठी ते विचारा.

बी-101: सोडून गेलेल्याचा हिशेब?

ए-703: दोन कामाच्या दिवसांत चुकता. 'पुढच्या पगारासोबत' आता चालत नाही.

सचिव: बिल पास करताना काय मागू?

ए-703: नुसतं पीएफ चलन (भरणा केल्याची पावती) घेऊ नका. त्यावर सगळ्या साइट्सची एकत्र रक्कम असते, नावं नसतात. ईसीआर, म्हणजे कामगारनिहाय पीएफची यादी मागा. त्यातले यूएएन (प्रत्येकाचा पीएफ क्रमांक) आपल्या हजेरीपटाशी जुळवा, दिवस आणि वेतनही ताडून बघा. गेल्या महिन्याचा भरणा 15 तारखेपर्यंत होतो, म्हणून बिल 16 नंतरच घ्या. बँकेची पगार यादीही सोबत. एजन्सीने थकवलं तर वसुली आपल्यापर्यंत येऊ शकते.

सचिव: दराचा तपशीलवार ब्रेकअप आणि ईसीआर आजच मेलवर मागतो. आल्यावर इथे टाकेन.