अमूर्त चित्राशेजारी दीड पान मजकूर कशाला?

कोपऱ्यातलं_टेबल:
रविवारी पुण्यात डेक्कनजवळच्या एका कलादालनात गेलो होतो. गोणपाट, गंजकी साखळी, वर निळा फराटा. आणि शेजारी दीड पान मजकूर, ‘अवकाशातल्या अंतर्नादाचा शोध’ वगैरे. जुन्या बाजारातून बुधवारी भंगार उचलायचं, फेव्हिकॉलनं डकवायचं आणि मिक्स मीडिया म्हणून खपवायचं! चित्रकार वासुदेव गायतोंड्यांच्या बहुतेक अमूर्त चित्रांना साधं नावही नाही. चित्र बोलत असेल तर चित्रकारानं गप्प बसावं.

गोणपाटवाली:
मजकुराबद्दल +१. भंगाराबद्दल साफ नामंजूर. पिकासोनं १९१२ साली वेताच्या विणीची छापील नक्कल असलेलं मेणकापड चित्रात चिकटवलं आणि कडेनं चक्क दोरखंड गुंडाळला. म्हणजे ‘खपवायला’ शंभर वर्षं उलटून गेली.
आणि ‘डकवायचं’ इतकं सोपं नसतं हो. मी एका चित्रात पीएमपी बसची तिकिटं लावली होती, कात्रज ते शिवाजीनगर, रोजच्या प्रवासातली. मशीनमधून येतात ती, थर्मल कागदाची. स्टुडिओ म्हणजे आमची पत्र्याची गच्ची. मे महिन्याच्या उन्हात अक्षरं उडायला लागली, दिवाळीपर्यंत कोऱ्या पट्ट्या. आधी रडू आलं. मग वाटलं, रोज तोच प्रवास करून माझ्याही लक्षात काय राहिलंय? आता मी आधी वस्तू वर्षभर उन्हात टाकते, ती काय करते ते बघते, मग ठरवते.

कोपऱ्यातलं_टेबल:
म्हणजे चूक झाली आणि नंतर अर्थ चिकटवला. माझा मुद्दा हाच तर आहे!

माजी_चित्रकलामास्तर:
धागाकर्ते, गायतोंडे तुमच्या बाजूनं साक्ष देतील असं वाटत नाही. ते रोलर आणि पॅलेट नाइफ (रंगाची सुरी) वापरत. रंग चढवायचा, खरवडायचा, पुन्हा चढवायचा. खाली काय उमटतं ते पाहून पुढची चाल. अपघाताला तिथे जागा होती, फक्त कोणता ठेवायचा हे नजर ठरवायची. वर्षाकाठी मोजकीच चित्रं व्हायची ती उगाच नाही. ‘अमूर्त’ शब्दही त्यांना पटत नसे, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठल्याही वस्तूचं चित्रण नसलेलं, म्हणत.
गप्प बसण्याचा नियमही मला मान्य नाही. चित्रकार प्रभाकर बरव्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक लिहिलं, तेही मराठीत. त्यात वस्तू, आकार, अवकाश याबद्दल वाचलं की बाहेर पडल्यावर खुंटीवरची छत्रीसुद्धा वेगळी दिसते. अंतर्नादवाल्या फलकाचं दुखणं लांबी हे नाहीच. तोच कागद शेजारच्या चित्राला लावला तरी चालतो, हे आहे.
(बाकी तैलरंगावर ॲक्रिलिक मारणाऱ्यांना माझा कोपरापासून नमस्कार. पापुद्रे निघतात. उलटं करा, चालतं.)

पेठेतला_पाहुणा:
सर, बरवे कितीजणांनी वाचलेत? मी बायकोला घेऊन गेलो तर ती विचारते, ‘हे उलटं तर नाही ना लावलं?’ चार ओळी तरी हव्यात. नुसतं कशाचं केलंय, कसं केलंय एवढंच लिहा. तिकिटांची गोष्ट वाचल्यावर मी ते चित्र दहा मिनिटं बघेन.

कोपऱ्यातलं_टेबल:
दहा मिनिटं गोष्ट बघाल, चित्र नाही. असो. गोणपाटवाली, ते कोरं चित्र अजून आहे का? मजकूर न लावता दाखवणार असाल तर येतो.

गोणपाटवाली:
आहे, पलंगाखाली. पण आता गोष्ट तुम्हाला माहीत झाली ना!