कुसळ, मुसळ आणि न आलेले हसू

प्रश्न: ‘दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते, स्वतःच्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही’ या म्हणीतले मुसळ म्हणजे कांडणाचेच का? तसे असेल तर ते डोळ्यात मावणार कसे? बायबलच्या मराठी भाषांतरातही हेच दोन शब्द आहेत, म्हणून विचारतो.

उत्तर: मुसळ कांडणाचेच, आणि ते मावत नाही यातच सगळी गंमत आहे. कुसळ म्हणजे गव्हाच्या ओंबीवरचा किंवा कुसळी गवताच्या बीला असलेला टोकदार केस. पावसाळा सरल्यावर माळावरून चालून आलेल्या माणसाच्या धोतराच्या काठात ती अडकून बसतात. शोधू गेल्यास नजरेला सापडत नाहीत, बोटाला मात्र टोचतात. मुसळ छातीइतके उंच, लाकडी आणि तळाशी लोखंडी कडे बसवलेले असते. माझ्या आजोळी ते दाराआड उभे असे आणि आम्हा मुलांना ते दोन्ही हातांनीही धड उचलत नसे.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात (वचने 3 ते 5) मूळ ग्रीक शब्द आहेत ‘कार्फॉस’, म्हणजे वाळकी काडी, आणि ‘डोकॉस’, म्हणजे छपराची तुळई. हे बोलणाऱ्या येशूला मार्काच्या शुभवर्तमानात (6:3) सुतार म्हटले आहे, हे ध्यानात घेतले की दृष्टान्त थेट त्याच्या कामाच्या जागेवरून उचलल्यासारखा वाटतो. ‘तुळई’ हा शब्द अर्थाने अधिक जवळचा ठरला असता. पण ‘कुसळ-मुसळ’ या यमकाने मराठीत जे साधले आहे, ते ग्रीकमध्येही नाही. उलट मत्तय 23:24 मध्ये मुरकूट गाळून काढणारे आणि उंट गिळणारे लोक आहेत. तेथे येशूच्या बोलीत, म्हणजे अरामी भाषेत, ‘कल्मा’ (मुरकूट) आणि ‘गम्ला’ (उंट) असा शब्दखेळ असावा, असा अभ्यासकांचा तर्क आहे. मराठीत तो अर्थातच उतरत नाही.

आता म्हणीच्या वापराविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते आपण तिचा अर्धाच भाग वापरतो. म्हण ‘दिसणे’ आणि ‘न दिसणे’ यावर थांबते. महाभारताच्या आदिपर्वात शकुंतला दुष्यंताला जे सुनावते, तेही तेवढेच आहे: दुसऱ्याचे मोहरीएवढे छिद्र तू पाहतोस आणि आपले बेलफळाएवढे पाहूनही पाहत नाहीस. उपमा नेमकी आहे, पण तिच्याने हसू येत नाही. शुभवर्तमानातला माणूस मात्र पाहून गप्प बसत नाही. तो डोळ्यात अख्खी तुळई घेऊन भावाजवळ जातो आणि म्हणतो, ‘थांब, तुझ्या डोळ्यातले कुसळ काढू दे.’ तो वाकला की भावाच्या कपाळाचे काय होईल, याचे चित्र डोळ्यांपुढे आणावे. तालमुद या यहुदी धर्मग्रंथातही (अराखिन 16 ब) ‘डोळ्यांमधली काडी काढ’ असे सांगणाऱ्याला ‘आधी तुझ्या डोळ्यांमधली तुळई काढ’ असे उलट उत्तर मिळते, म्हणजे यहुदी लोकांत ही कोपरखळी परिचित होती. म्हणून केवळ दोष पाहणाऱ्यापेक्षा, न विचारता सुधारायला येणाऱ्याला ही म्हण अधिक शोभते.

प्रश्न: शास्त्रवचनाला ‘विनोद’ म्हणणे योग्य होईल का? ‘उपहास’ म्हणावे काय?

उत्तर: ‘उपहास’ नको, कारण त्यात समोरच्याला तुच्छ लेखणे येते, आणि येथे शेवटी भावाच्या डोळ्यातले कुसळ खरोखर निघावे असाच हेतू आहे. ‘उपरोध’ चालेल, ‘थट्टा’ मला सर्वांत जवळची वाटते. उपासनेत गंभीर स्वरात वाचून वाचून आपण हे वचन पार सुकवून टाकले आहे, हा भाग निराळा. पुढच्याच वचनातले ‘अरे ढोंग्या’ हे संबोधन पाहावे. मूळ शब्द ‘हुपोक्रितेस’, आणि ग्रीकांकडे त्याचा पहिला अर्थ नाटकातला नट. तमाशाच्या फडावरचा ‘सोंगाड्या’ तेथे घातला असता, तर अर्थ फारसा बिघडला नसता आणि मागच्या बाकावरचे एखादे पोर तरी हसले असते.